चाली तिच्या होत्या

हे लिहायला बसायची ही चौथी खेप. तीन वेळा दोन-दोन ओळी लिहून उठलो — एकदा दार लावायला, एकदा पाणी प्यायला, एकदा उगाचच. निर्मलाने, माझ्या बायकोने, विचारलं, काय चाललंय? म्हटलं, पेपर तपासतोय. म्हणजे बघा — खरं सांगायला बसलो आणि सुरुवातच खोट्याने केली. इतकी वर्षं संसार झाला, तिला यातलं अक्षर ठाऊक नाही. कुणालाच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा — नको, कारणं नकोत. कारणं द्यायला लागलो की मी फार गोड बोलतो.

मी नाशिकला एका शाळेत इंग्रजी शिकवतो. पंचवटीत दोन खोल्यांचं बिऱ्हाड. चारचौघांत मला थोडा मान आहे — मास्तरांना वाचनाची आवड, मास्तर कुणाच्या अध्यातमध्यात नाहीत. हे लोक म्हणतात. मी ऐकून घेतो.

सत्तरच्या दशकात मी दुसरंही एक काम करायचो. भद्रकालीत बागूलशेठांचा छापखाना होता. शेठ मूळचे सटाण्याकडचे, बोलायचे अहिराणी वळणाचं. व्रतांच्या पोथ्या, त्र्यंबकेश्वराचं माहात्म्य, आरत्या — यात्रेकरू नेतात ते सगळं त्यांच्याकडे छापलं जायचं. त्याच यंत्रावर ते चौसष्ट पानी रंगीत पुस्तिकाही काढायचे, एसटी स्टँडवर विकायला. त्या पुस्तिका मी लिहायचो. दुसऱ्याच नावाने, अर्थात.

देवळाली कॅम्पात एक जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. साहेबलोकांची बदली झाली की त्यांची इंग्रजी पुस्तकं तिथे किलोवर यायची. त्यांत विलायती रॉक गायकांची चरित्रं असायची — केस वाढवलेले, गिटारी घेतलेले लोक. शेठनी सांगितलं, ह्यांचं मराठी करा. मी पहिलं पुस्तक घरी आणून मनापासून वाचलं. त्यात एक अख्खं प्रकरण एका गाण्यावर होतं. ते कसं सुचलं, कसं फसलं, गायकाने न्हाणीघरात उभं राहून एकच कडवं पुन्हापुन्हा कसं म्हटलं, कारण तिथे आवाज त्याला हवा तसा घुमायचा. मला ते कळलं का? निम्मं कळलं. मी ते प्रकरण गाळलं. त्या जागी एक ओळ लिहिली — ‘आणि मग ते गाणं गाजलं.’ बाकी सगळं ठेवलं. दारू, बायका, खिडकीतून फेकलेलं हॉटेलचं सामान, तुरुंग. ठेवलं म्हणजे काय — वाढवलं. एका लग्नाची दोन केली.

पुस्तिका खपल्या. तुम्ही कधी एसटी स्टँडवर उभं राहून, आपण लिहिलेलं कुणी अनोळखी माणूस अधाशासारखं वाचताना पाहिलंय? गाडी लागली तरी त्याचं बोट ओळीवरून हलत नाही — हे पाहिलंय? मी पाहिलं. मला त्याची चटक लागली.

पण मला कबूल करायचंय ते हे नाही. ते गायक सातासमुद्रापलीकडचे. त्यांना माझ्या पुस्तिकेचं काय? मीही तेव्हा असंच म्हणायचो.

विलास पगारे मात्र इथला होता. नाशिकरोडच्या बौद्ध वसाहतीत राहायचा, माझ्याच वयाचा. माइक-लाऊडस्पीकर लावणं, दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. देवळाली कॅम्पात सैन्यातून निवृत्त झालेला एक बँडमास्तर होता, त्याच्याकडे तो सायकलवर जाऊन गिटार शिकला. पहिली गिटार त्याने खोक्याच्या फळ्यांची स्वतः बनवली. नंतर खरी इलेक्ट्रिक आली. चार पोरं जमवून त्याने ‘गोदा बीट’ काढलं. हिंदी सिनेमाची गाणी वाजवणारे ऑर्केस्ट्रे तेव्हा गल्लोगल्ली होते. विलासचं वेगळं होतं. त्याची गाणी मराठी होती आणि त्याची होती — कारखान्याची, वस्तीची, नळावरच्या भांडणाची — आणि मागे ती कडाडणारी गिटार. चौदा एप्रिलला, गणपतीत, कॉलेजांच्या गॅदरिंगला त्यांच्याशिवाय चालेना. मुंबईला जाऊन त्यांनी दोन गाण्यांची एक तबकडीही केली. नाशिकच्या इराण्याच्या हॉटेलात ती वाजायची. मालेगाव, जळगावहून बोलावणी यायची. पोरं विलाससारखे केस ठेवायला लागली.

आमची ओळख कशी झाली? शाळेच्या स्नेहसंमेलनात माइक बिघडला, तो दुरुस्त करायला आला. तारा जोडता जोडता त्याने मला एका इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला. पुढे तो विचारतच राहिला. मला ‘मास्तर’ म्हणायचा, पण अरेतुरेत. माझ्या घरी जेवायला यायचा. निर्मलाच्या हातची शेवभाजी त्याला आवडायची.

आणि शालिनी. तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे — थांबा जरा.

शालिनीचे वडील रामकुंडावर विधी सांगणारे गुरुजी. कीर्तनं करायचे, आणि त्यांच्या मागे शालिनी पेटीवर असायची, लहानपणापासून. एका उत्सवात विलास लाऊडस्पीकर लावायला गेला आणि त्याने तिची पेटी ऐकली. दुसऱ्या दिवशी तो सरळ गुरुजींच्या घरी गेला. तुमच्या मुलीने आमच्यात वाजवावं, म्हणाला. त्या काळी, त्या गल्लीत, वस्तीतल्या पोराने उपाध्यायांच्या ओसरीवर बसून हे विचारणं — तुम्हाला कल्पना येईल. शेजारची दारं किलकिली झाली असणार. गुरुजींनी त्याला गिटार आणून वाजवायला लावली. ऐकली. मग म्हणाले, “सुरात आहे. जाऊ दे तिला.” एवढंच. त्या एका वाक्यासाठी गुरुजींना गल्लीत काय काय ऐकावं लागलं, ते मला नंतर कळलं.

तालीम चालायची एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर. गिरणी दुपारी एक ते चार बंद असायची, तेवढ्या वेळात. बाकीची पोरं नोकरी-धंद्यातली, ती रविवारी यायची. एरवी दुपारी विलास आणि शालिनी दोघंच नवीन गाण्यावर बसायचे. माझी शाळा सकाळची. मीही जाऊन बसायचो. खाली गिरणी बंद असली तरी जिन्यातून पीठ वर यायचं, ते विलासच्या अँप्लिफायरमध्ये जाऊन खरखर व्हायची, म्हणून दार लावून घ्यायचे. मी भिंतीशी रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर बसायचो.

एक दुपार मला अगदी स्वच्छ आठवते. ‘पाचची पाळी’ नावाचं गाणं होतं, कामगारांवरचं. शब्द विलासचे. चाल काही केल्या जमत नव्हती. शालिनी म्हणाली, “दादा, भोंगा कसा वाजतो ऐकलंय का तुम्ही? नीट?” ती त्याला दादा म्हणायची, अहोजाहो करायची. मग तिने तोंडाने भोंगा वाजवून दाखवला — खालून चढत जाणारा, वर थरथरत थांबणारा, मग घसरणारा. “गाणं तिथून सुरू व्हायला पाहिजे,” म्हणाली. पेटीवर ते येईना. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधलं पेटीला म्हणता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ती म्हणाली, “तुमच्या तारेवर ओढा.” विलासने तार ओढली. “अजून. नाही — जास्त झालं. सोडा. परत.” दीड तास. एका सुरासाठी दीड तास! गाणं शेवटी खाली येऊन थांबावं की वरच टांगलेलं राहावं, यावर दोघं असे भांडले की वाटलं आता तालीम मोडते. आणि मग एकदम दोघं हसले. काहीतरी सापडलं होतं. काय — मला कळलं नाही. मी दोघांकडे पाहून हसलो, कारण ते हसत होते.

खरं सांगू? मला कान नाही. लोक डोलतात तेव्हा मी बघून डोलतो. त्या खोलीत मी बहिऱ्यासारखा बसायचो आणि मनात तुलना करत राहायचो. ही वीस-एकवीस वर्षांची मुलगी, हा मॅट्रिक नापास माइकवाला — आणि त्यांच्याजवळ असं काही होतं, जे बी.ए., बी.एड. मास्तरला शिकून येणार नव्हतं. त्याला मत्सर म्हणतात. तेव्हा मी त्याला दुसरं काही म्हणत असेन.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी बागूलशेठ म्हणाले, आता आपल्या विलासचंच चरित्र काढू. विलासला सांगितलं तर तो लाजला. मग बोलायला बसला तो महिनाभर बोलत राहिला. मी दोनशे पानी वही केली. बँडमास्तर कसा शिकवायचा, पहिली तार कुठून आणली, कुठल्या गाण्याला काय अडलं — सगळं उतरवून घेतलं. आणि शेवटी एके दिवशी तो म्हणाला, “मास्तर, एक गोष्ट ठळक लिही. चाली तिच्या आहेत. सगळ्या. लोक समजतात माझ्या आहेत, तबकडीवर पण नुसतं ‘संगीत — गोदा बीट’ असं छापलंय. मी शब्द लिहितो, वाजवतो. चाल मला नाय येत. हे पुस्तकात आलं पाहिजे, तेवढ्यासाठीच मी हो म्हटलो.”

मी लिहून घेतलं. त्याच्याच शब्दांत. एकेका गाण्याचं नाव घालून, कुठली चाल तिला कशी सुचली ते. खाली त्याने हौसेने सही पण केली.

मी पुस्तक लिहिलं तसंच. प्रामाणिकपणे लिहिलं, हेही सांगतो — पहिल्यांदा. बागूलशेठनी चार पानं चाळली आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला. “मास्तर, हाई काय लिखी आनं तुम्ही? तार, सूर, पेटी. लोकेसले हाई नको शे. लफडं काय शे ते लिखा.” मी म्हटलं, लफडं नाही. शेठ हसले. म्हणाले, नसेल तर पुस्तक पण नाही.

एवढंच बोलले. शालिनीचं नाव त्यांना ठाऊकसुद्धा नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

मी घरी आलो. आठ दिवस स्वस्थता नव्हती. वर्गात कविता शिकवता शिकवता मध्येच थांबायचो. काय करता आलं असतं? गठ्ठा घेऊन दुसऱ्या प्रकाशकाकडे जाता आलं असतं. गप्प बसता आलं असतं. पण स्टँडवरचा तो माणूस — ओळीवर बोट ठेवलेला — मला दिसत होता. आणि ती खोलीही दिसत होती, जिथे मला काही कळत नव्हतं. चाल कशी सुचते हे मला लिहिता आलंच नव्हतं, नुसतं विलासचं बोलणं उतरवलं होतं. लफडं लिहायला कान लागत नाही.

रविवारी सकाळी बसलो आणि दीड तासात तीन पानं लिहिली. इतकं भरभर मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं.

लिहिलं की दुपार-दुपार गिरणीच्या माडीवर दार बंद असतं. लिहिलं की आत गिटार थांबते आणि बराच वेळ वाजत नाही. लिहिलं की पंचवटीतल्या एका गुरुजींची लेक, पेटी शिकलेली, तिचं नाव शा— अशी आडवी रेघ मारून. लिहिलं की बायको-मुलं असलेल्या कलावंताला अशी प्रेरणा लागतेच. आणि चालींचं प्रकरण काढून टाकलं. सगळंच्या सगळं. जिथे ‘चाली तिच्या आहेत’ असं होतं, नेमकं तिथे ही तीन पानं बसवली.

आता ऐका. त्या बंद दाराच्या आत एक तिसरा माणूस होता. रोज. पोत्यांवर बसलेला. तो मी होतो. गिटार का थांबते ते मला माहीत होतं — ती म्हणायची, थांबा दादा, ऐकू दे. दार का बंद असतं ते मला माहीत होतं. पीठ.

पुस्तिका निघाली. तोपर्यंतच्या सगळ्यांत जास्त खपली. पुढचं सांगायला किती वेळ लागणार? गुरुजी रामकुंडावर विधी सांगत असताना कुणीतरी यजमानाने ती पानं मोठ्याने वाचली. गुरुजी ताम्हण तिथेच ठेवून घरी गेले, आणि पुन्हा कुंडावर कधी बसले नाहीत. शालिनीच्या चुलत्यांनी गिरणीच्या माडीवर जाऊन अँप्लिफायर खाली फेकला. विलास नव्हता तेव्हा तिथे, नाहीतर त्याचंही काही खरं नव्हतं. वसाहतीतली पोरं चिडून पंचवटीकडे निघाली होती, त्यांना विलासनेच वाटेत अडवलं. त्याची बायको कुसुम दोन पोरं घेऊन माहेरी गेली. ती परत आली चार महिन्यांनी, पण तिने विलासचं वाजवणं पुन्हा कधी ऐकलं नाही. शालिनीचं लग्न दीड महिन्यात उरकलं, धुळ्याला, तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या बिजवराशी. सासरी पेटी न्यायची नाही, ही त्यांची एकच अट होती म्हणे.

पुस्तिका आली त्याच आठवड्यात विलास शाळेत आला. मधली सुट्टी होती. हातात पुस्तिकेची गुंडाळी. डोळे लाल. मला पळून जावंसं वाटलं — मैदानातून, फाटकातून, कुठेही.

“मास्तर, हे तू लिहिलं?”

आणि मी — एक क्षणही न थांबता — म्हटलं, “नाही रे. माझं बाकीचं आहे. ही तीन पानं बागूलशेठनी घातली. मला दाखवलीसुद्धा नाहीत.”

मग त्याचा चेहरा सैल पडला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “मला वाटलंच. तू असं लिहिणार नाय.” आणि मलाच समजावत राहिला — वाईट वाटून घेऊ नको, तुझाही घात केला त्याने.

तिथून तो छापखान्यात गेला. शेठची कॉलर धरली. शेठ काय म्हणाले असतील? मी दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. तिसऱ्या दिवशी शेठनी बोलावून घेतलं. गालावर वळ होता. म्हणाले, “सांगी टाकं मी, हा, मीच लिखं. तुमनं नाव सांगतू तर उद्या पुस्तकं कोन लिखतं?” आणि हसले. ते हसणं मला आजही ऐकू येतं. मी त्यानंतर त्यांच्यासाठी अजून सहा पुस्तिका लिहिल्या. हेही सांगून टाकतो.

‘गोदा बीट’ मोडलं. विलास पुन्हा माइक लावायला लागला. नव्या चाली येईनात, जुनी गाणी म्हणवेनात. देवळाली कॅम्पात चार पोरांना गिटार शिकवायचा. दारू तो आधी पीत नव्हता — पुस्तिकेत मी पितो असं लिहिलं होतं — आता प्यायला लागला. माझ्याकडे येत राहिला. माझ्या मुलाच्या बारशाला त्याने फुकट लाऊडस्पीकर लावला. इंग्रजी शब्दांचे अर्थ विचारायचा. सगळ्यांवरचा त्याचा विश्वास उडाला होता, माझ्यावर तेवढा शिल्लक होता. किती वेळा जिभेवर आलं! त्याला बसस्टॉपपर्यंत सोडायला जायचो आणि ठरवायचो, आज सांगू. बस यायची. तो चढायचा. हात हलवायचा.

ऐंशी साल उलटल्यावर त्याला कावीळ झाली. सरकारी दवाखान्यात पंधरा दिवस काढले आणि गेला. मी खांदा दिला. कुसुमवहिनी लोकांना सांगत होत्या, यांचा खरा दोस्त एकच, मास्तर.

तो गेला तेव्हा मला — लिहायला हात धजत नाही — मला हलकं वाटलं. आता कुणी विचारणार नव्हतं.

मग कॅसेटींचे दिवस आले. पंच्याण्णव साल उलटल्यावर मुंबईच्या एका कंपनीने जुनी तबकडी आणि कार्यक्रमांची रेकॉर्डिंगं गोळा करून ‘गोदा बीट’ची कॅसेट काढली. रिक्षात, पानाच्या ठेल्यावर, लग्नाच्या मांडवात पुन्हा ‘पाचची पाळी’ वाजायला लागलं. कव्हरवर छापलं होतं — गीत-संगीत, विलास पगारे. मी ते कव्हर दुकानात उभं राहून वाचलं आणि परत ठेवलं.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका दुपारी, शालिनीबाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. गुरुजींच्या वर्षश्राद्धाला आल्या होत्या. मी ओळखलं नाही. केस पांढरे व्हायला लागलेले, चष्मा, हातात कापडी पिशवी. निर्मलाने त्यांना आत घेतलं, खाटेवर बसवलं, चहा ठेवायला आत गेली.

त्या म्हणाल्या, “त्या पुस्तकाबद्दल काही विचारायला आलेले नाही मी, सर. त्याचं आता काय?” मग पिशवीतून एक पत्र काढलं. विलासने आजारपणात लिहिलेलं, पोस्टाने त्यांच्या मैत्रिणीच्या पत्त्यावर पाठवलेलं. वाकड्या अक्षरात. त्यात लिहिलं होतं की तुझ्या चालींचं सगळं मी मास्तरकडे लिहून दिलंय, खाली सही केलीय, कधी लागलं तर त्याच्याकडे माग, तो सांभाळून ठेवणारा माणूस आहे.

“धुळ्याला रस्त्याने जाताना दुकानात वाजत होतं,” त्या म्हणाल्या. “मी थांबून ऐकलं पूर्ण. मग कंपनीला पत्र टाकलं. ते म्हणतात, काही लेखी असेल तर दाखवा, पुढच्या खेपेला नाव घालू. मला बाकी काही नको, सर. माझी मुलगी आता कॉलेजात आहे. तिला मी सांगितलं, ही चाल माझी आहे. ती हसली. म्हणाली, आई, काहीही काय!”

वही त्या खोलीतच होती. त्या ज्या खाटेवर बसल्या होत्या तिच्याखाली पत्र्याची ट्रंक होती, आणि ट्रंकेत, माझ्या प्रमाणपत्रांच्या खाली, ती वही. वाकून हात लांबवला असता तर — किती? दोन हात. पण ती वही दिली म्हणजे काय? म्हणजे मला सगळं माहीत होतं. सही घेतली होती, तरी त्या जागी ती तीन पानं आली. मग ती कुणी लिहिली? बागूलशेठला गिरणीच्या माडीवरचं बंद दार कुठून माहीत? हे सगळं माझ्या डोक्यात फिरायला एक क्षण पुरला. इतका हुशार मी एरवी कधीच नव्हतो.

मी म्हटलं, “वही बागूलशेठांकडेच राहिली होती. छापखान्यात पुराचं पाणी शिरलं तेव्हा सगळं गेलं. शेठही गेले.”

शेठ खरंच गेले होते. त्याच माणसावर, आता तो मेल्यावर, मी दुसऱ्यांदा लादलं.

त्यांनी पत्राची घडी घातली, तीच जुनी घडी, सावकाश. निर्मलाने चहा आणला. त्यांनी तो पूर्ण घेतला, निर्मलाला मुलांची नावं विचारली. उठताना म्हणाल्या, “कधी काही सापडलंच कुठे, तर —” आणि वहीच्या पानासारख्या एका कागदावर पत्ता लिहून माझ्या हातात दिला. मी तो दोन्ही हातांनी घेतला. दारापर्यंत पोचवायला गेलो. जपून जा, म्हणालो.

निर्मलाने विचारलं, कोण होत्या? म्हटलं, पूर्वी ओळख होती.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. कॅसेटची दुसरी खेप आली, तिसरीही आली. कव्हरवर तेच नाव आहे. त्यांच्या मुलीचं शिक्षण संपलं असेल. वही ट्रंकेतच आहे, वाळवी लागू नये म्हणून मी दर उन्हाळ्यात तिला ऊन दाखवतो, निर्मला बाजारात गेली की. विलासची सही अजून ठसठशीत आहे.

नाशिकहून धुळ्याला एसटी दिवसभर आहेत. चार-साडेचार तासांचा प्रवास. मी अजून गेलेलो नाही.